कागदाचे डोंगर

टिळकवाडीतल्या लॅबमध्ये पंप रात्रभर घुरघुरायचा,
काचेच्या नळ्यांतली उरलीसुरली हवा उपसत.
पहाटे अनगोळहून सायकल मारत मी पोचायचे
तेव्हा गुरुसिद्ध बाकावर मफलर गुंडाळून झोपलेला,
आणि रेकॉर्डरचं पेन एक सरळ रेघ ओढत बसलेलं.
सरळ रेघ म्हणजे अजून काही घडलेलं नाही.

आत, थर्मोकपलच्या तारांच्या वेढ्यात,
दोनशे मिलिग्रॅम भुकटी:
गावाबाहेरच्या कारखान्यातून पिशवीत मागून आणलेला अ‍ॅल्युमिना,
त्याच्या आधारानं पसरलेलं दोन टक्के प्लॅटिनम.
आई एकदा मुद्दाम बघायला आली.
हे सोन्याहून महाग? म्हणाली. चुलीतली राख दिसते ही.

गुरुसिद्ध उठून तोटी फिरवायचा. "ओंदु."
मी वहीत लिहायचे, एक.
चिमूटभर कार्बन मोनॉक्साइड आत शिरायचा,
आवाज नाही, धूर नाही,
फक्त पेन दचकून उठायचं
आणि राजहंसगडाच्या उतारासारखं सावकाश खाली यायचं.
गॅसनं धातूला धरलं, त्याची ती ऊब.
"येरडु." दोन. "मूरु."

आधी येतात ते घट्ट बसतात, कडोलकरसर म्हणायचे,
कडा, कोपरे, उघड्या जागा त्यांच्या.
एकशे ऐंशी, एकशे चौऱ्याहत्तर, एकशे एकावन्न,
मग एकदम साठ,
मग नुसतं भिंतीला टेकून उभं राहणं.
पंप लावला की टेकलेले निघून जातात.
बाहेर त्या वर्षी पाट्यांना डांबर फासणं चालू होतं.
आम्ही बाहेरचं काही मोजत नव्हतो.

डोंगराखालचं क्षेत्रफळ काढणारं यंत्र घ्यायला पैसे नव्हते.
म्हणून मी कात्रीनं डोंगर कापायचे,
रेघेवरून, श्वास रोखून,
आणि कागदच तराजूत घालायचे.
जुलैत आकडे फुगायला लागले.
सकाळचा डोंगर हलका, संध्याकाळी तोच जड.
सर दोन दिवस समीकरणं तपासत बसले.
तिसऱ्या दिवशी गुरुसिद्धनं कागद गालाला लावला.
"डोंगर बरोबर कापलाय खरं, कागद वल्ला हाय."

आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.
पुण्याहून आलेल्या परीक्षकांना मी सांगितलं,
आकडे जुळतात खरं, दोन टक्के चूक आहे.
ते खूश होऊन म्हणाले, खरं ना?
मी मान डोलावली. पदवी मिळाली.

तेव्हापासून कागद रात्रभर डेसिकेटरमध्ये,
निळ्या खड्यांच्या वर, झाकणाला ग्रीस लावून.
हवेतलं पाणी कागदालाही धरतं
आणि धरताना थोडी ऊब सोडतं,
हे सरांनी फळ्यावर लिहिलं, पुसलं,
म्हणाले, ते आपलं काम नव्हे.

परवा कपाट आवरताना पाकीट सापडलं.
अठरा डोंगर, पिवळे, कडा मऊ झालेल्या.
मागे पेन्सिलीनं कन्नड आकडे, गुरुसिद्धच्या हातचे.
तो बैलहोंगलला गेला आणि तिथेच वारला,
हे मला वर्षभरानं कळलं होतं.
पहिला डोंगर कॉलेजच्या नव्या तराजूवर ठेवला.
वहीतल्या आकड्यापेक्षा सात मिलिग्रॅम जास्त.

पाणी असेल. धूळ असेल. बोटांचं तेल.
आधी रात्रभर डेसिकेटरमध्ये ठेवायला पाहिजे होता,
खरं