बेगमपुऱ्यात टायपिंग

मकई दरवाजाच्या अलीकडे, आमच्या झेरॉक्सच्या दुकानात
म्फोन प्रबंध घेऊन आला.
इबिबियो क्रियापदं, दोनशे अठरा पानं.
नाव कुणाला धड घेता येईना,
चहावाला रफीक सरळ माफोन म्हणायचा.

मी विचारलं, नावाच्या पुढं हा अर्धा म कशाला?
म्हणाला, आमचा 'मी'सुद्धा असाच.
क्रियापदाला पुढून चिकटतो.
क्रियापद ओठांचं असलं तर म्,
दातांचं असलं तर न्,
घशाकडचं असलं की आत सरकतो.
म्हणजे अनुस्वार, मी म्हटलं.
संप, संत, संग.
एक टिंब, पुढच्याचं तोंड बघून बोलणारं.
हे तळटीपेत घाला, तो म्हणाला.

मग त्यानं मला धरलं.
तुम्ही भाकर 'खाल्ली'. तुम्ही बाई म्हणून?
नाही, भाकर बाई म्हणून.
आणि भात असता तर?
खाल्ला.
मग खाणारी कुठं गेली?
रात्री तळाशी उरलेला भात खरवडताना
ते परत आठवलं.

नकार त्यांच्यातही शेपटाला लागतो.
म्हणून खोली बघायला गेला की पूर्ण ऐकून घ्यायचा:
खोली आहे, नळाला पाणी आहे, वर गच्ची आहे,
पण तुम्हाला देता येत
इथंच त्याला कळायचं.

खरी पंचाईत 'अ'ची.
आवाज खाली ठेवून 'अका' म्हटलं तर तू जातोस,
वर उचलून म्हटलं तर तो जातो.
माझ्या फाँटात ती चिन्हंच नव्हती.
छापल्यावर पेनानं दिली, तीन रात्री,
पुटपुटत, तू, तो, तो, तू.
आई आतून, कुणाशी बोलायलीस गं?
कुणाशी नाही. काम करायले.

बाइंडिंग घेतलं, सुटे पैसे मोजले,
आणि पायरीवरून म्हणाला, जाते.
मराठी माझ्याकडूनच शिकलेला, म्हणून जाते.
मी म्हटलं, जाते नाही, जातोही नाही.
येतो म्हणायचं.
पण मी तर जायलो.
तरी येतो.
ह्याला कुठला प्रत्यय लागतो?
लागत नाही. म्हणतात तसं.

पान एकशे चाळीस, उदाहरण सातवं:
तिथला 'अ' चिन्हावाचून राहिला.
राहिला म्हणू की ठेवला,
दोन्हीत क्रियापद 'अ'च्याच बाजूनं बोलतं.