पहिल्यापासून

ग्रिम्सबीच्या कोर्टात बावीस वर्षं मी दार धरून उभा होतो.
काळा झगा, हातात यादी.
पेले भरले का, साक्षीदार आला का, एवढंच माझं काम.
मी 'उठा' म्हणालो की सगळं दालन उठायचं,
वकील, आरोपी, बातमीदार,
आणि गोदीवरून थेट आलेला कुणी,
बुटांना अजून माशांचे खवले.

लोकांना वाटतं, कोर्टाचा अवमान म्हणजे जोडा फेकणं.
तेही पाहिलंय मी.
एकदा जोडा, एकदा अर्धं खाल्लेलं सँडविच.
एक पोरगा साक्ष चालू असताना च्युइंगम चघळत राहिला.
त्याला दुपारभर तळघरात बसवलं,
चार वाजता माफी मागून तो घरी गेला
आणि चहा पिताना आम्ही हसलो.

डोरीन ब्लँचर्डने काहीच फेकलं नाही.
ज्युरीतली नववी.
तीस वर्षं मासे सोलायच्या शेडमध्ये,
हॅडॉकचा काटा एका रेघेत काढणारी,
बोटांत गारठा कायमचा वस्तीला आलेला.
रोज दहा मिनिटं आधी यायची,
सगळ्यांसाठी आल्याची बिस्किटं घेऊन.
पहिल्याच दिवशी न्यायाधीश म्हणाले,
जे ऐकायचं ते इथेच ऐका.
घरी जाऊन काही शोधू नका.
तिने मान डोलावली.
मी पाहिली ती डोलताना.

केली नावाची पोरगी, वय एकोणीस,
दोन दिवस पडद्याआडून बोलली.
मध्येच थांबायची, पेला उचलायची,
आणि काच दातांवर वाजायची.
तेवढाच आवाज अलीकडे यायचा.

तिसऱ्या रात्री डोरीन मुलाच्या कॉम्प्युटरपुढे बसली.
आरोपीचं नाव टाकलं.
एकाच बोटाने टाकलं, असं तिने पुढे सांगितलं,
जणू त्याने काही कमी होतं.
एक जुनी शिक्षा निघाली.
सकाळी बिस्किटांबरोबर तिने तीही वाटली.

दुपारी कुणीतरी माझ्या हातात चिठ्ठी दिली,
वहीचं पान, चार घड्या.
मीच ती वर नेऊन दिली.

खटला तिथेच मोडला.

डोरीनचा वकील म्हणाला,
चुकीच्या माणसाला शिक्षा होऊ नये, एवढाच तिचा हेतू होता.
न्यायाधीशांनी आवाजसुद्धा चढवला नाही.
तीन महिने.
शेडमधली जागा गेली. नातवाचा वाढदिवस गेला.
निम्मं गाव म्हणालं, एवढ्याशा गोष्टीला?
मीही म्हणालो, घरी, बायकोजवळ.

मग नोव्हेंबर.
नवे बारा, नवी शपथ,
आणि त्याच पडद्यामागे केली.
'पहिल्यापासून सांगा,' वकील म्हणाला, मऊ आवाजात.
तीच गल्ली. तोच हात. तोच तुटलेला दात.
मी पेला भरून ठेवला होता.
या वेळी काच वाजली नाही.
तिने पाण्याला हातच लावला नाही.

न्यायाधीशांची मान विगाखाली होती तशीच ताठ होती.
पडद्याच्या फटीतून मला दिसली ती दुसरी,
बारीक, पुढे झुकलेली,
वाक्य संपेपर्यंत कशीबशी तोललेली.

डोरीन भेटली वसंतात, बसच्या थांब्यावर.
हवापाण्याचं बोललो.
मग तिने विचारलं, त्या पोरीचं काय झालं?
म्हणालो, तिला पुन्हा सांगावं लागलं.
सगळं?
सगळं.
बस आली. डोरीनचीच होती.
ड्रायव्हर थोडा वेळ थांबला,
मग त्याने दार लावून घेतलं.