सी-अठरा

रबाळ्याला, नाल्यापलीकडच्या प्लॉटवर,
रात्रपाळीत कॉलम उतरवला पान्याने.
पंचवीस सेंटिमीटरची पोलादी नळी.
आत वाळूच, सिलिका म्हणायचं इतकंच,
आणि कणाकणावर अठरा कार्बनांची लव.

चौदाशे बारा इंजेक्शनं झाली.
गेल्या आठवड्यापासून दाब चढत होता.
सहाव्या मिनिटाला औषध, त्याच्या पाठीला अशुद्धी;
आधी दोघांत बोटभर मोकळी जागा असायची,
आता खांद्याला खांदा लावून उभी,
कुठलं कुणाचं, रेघ मारून सांगता येईना.
मेथॅनॉलने धुतला. उलटा जोडून धुतला.
पहाटे तीनला नोंदवहीत लिहिलं: बाद.

तळवलीचा हसुराम मढवी काचसामान विसळत होता.
"काय हाय यात?"
"रेती," म्हटलं.
तो हसला. "आमचा बापूस खारीतशी रेती काराचा.
बुडी मारून, बादलीनं."
हात पुसून त्याने नळी तळव्यावर तोलली.
"कितीला?"
सांगितलं.
नळाचं पाणी तेवढं वाजत राहिलं.
मग म्हणाला, "आनि ही करते काय?"

काही नाही. जागची हलत नाही.
सगळं हिच्यातून वाहून जातं;
ज्याला हिची ओढ जास्त, ते उशिरा निघतं.
त्या उशिरावरून आम्ही नाव सांगतो.

त्याने नळी कानाला लावली,
शिंपला लावावा तशी.

नव्या कॉलमची बेसलाइन सरळ व्हायला
अजून चाळीस मिनिटं होती.
विल्हेवाटीचा रकाना मी कोरा सोडला.