नापास रिंग

अंबडच्या आमच्या शेडमध्ये एक खोली आहे,
तिथं बारा महिने वीस डिग्री असते.
बाहेर मे पेटलेला असो,
नाहीतर निफाडकडून थंडी येऊन
डब्यातलं तूप थिजलेलं असो,
आत वीस.
कारण धातूही माणसासारखाच,
जरा ऊब लागली की फुगतो,
आणि फुगलेल्याचं माप खरं धरत नाहीत.

मी तिथं मापं घेते. अकरा वर्षं झाली.
ड्रॉइंगवर रॉकेटचं नाव नसतं,
नुसता नंबर,
कोपऱ्यात कुणाची तरी मुंगीसारखी सही.
बांगडीएवढी रिंग. कशात बसते, कुणी सांगत नाही.
एवढंच कळतं, की अलीकडे आग असणार
आणि पलीकडे ती जायला नको.

एक रिंग चार मायक्रॉननी चुकली.
एका केसाचे उभे वीस भाग करा,
त्यातला एक.
मशिनवरचा यशोधन आहेर म्हणाला,
"सोडा की मॅडम, वर कोण बघायला जातंय?"
मी लाल रंगाचा ब्रश उचलला.
वर कोणी बघायला जात नाही,
म्हणूनच.

तीच रिंग गेटपास काढून
सातपूरच्या शाळेत नेली.
गायधनी सरांनी फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं,
अवकाश सप्ताह.
पोरांनी मोबाईलवर सगळं आधीच पाहिलेलं:
चंद्राच्या दक्षिणेकडे धूळ उडवत टेकलेले चार पाय,
आणि अंधारात ते दोन उपग्रह,
अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे असल्यासारखे,
जवळ येत, येत,
मध्येच मागे सरलेले;
लाजून नव्हे, आकडा पटला नाही म्हणून.
(ते मला फार आवडलं होतं.)

मी टॉलरन्सवर बोलत होते. कुणी ऐकत नव्हतं.
रिंग मात्र बाकाबाकावरून चालली होती.
कुणी मनगटात घातली,
कुणी तिच्यातून पांडवलेण्यांचा डोंगर पाहिला,
आठवीतल्या एकानं विचारलं, "किती मार्कांनी नापास?"
चार, म्हटलं.
"माझे पण चारच गेले, गणितात,"
आणि त्यानं ती जरा जास्तच वेळ धरून ठेवली.

मग मोक्षदा थेटे उभी राहिली, खिडकीजवळची.
"आणि पास झालेली? ती आता कुठंय?"

चंद्रावर, असं सांगायचं होतं.
तिनं चेहऱ्यावर जागाही करून ठेवली होती
त्या उत्तराला.
पण हाताला खोटा आकडा लिहायची सवय नाही.
समुद्रात, म्हटलं.
खालचा टप्पा दीड-दोन मिनिटं जळतो,
वरच्याला ढकलून देतो,
आणि सुटून पडतो.
बंगालच्या उपसागरात, तळाशी, गाळात कुठेतरी.
ती वर गेलीच नाही गं.
तिनं फक्त गळू दिलं नाही.

वर्ग गप्प. पंख्याची कुरकुर तेवढी.
सप्ताहाचा विचका केला आपण, असं वाटलं.
तेवढ्यात तोच आठवीतला:
"म्हणजे आपल्या गंगेच्याच पाण्यात, सर?"
सरांना आधी कळेना.
मग त्यांनी कपाटामागून गुंडाळलेला नकाशा काढला,
त्र्यंबकपासून बोट ठेवलं,
रामकुंड, पैठण, नांदेड,
तेलंगणात जरा अडखळले,
आणि निळ्यात उतरले.
पोरं बाकांवर चढली होती.
इथं रामकुंडावर आपण काय काय सोडतो
ते त्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही.
मोक्षदा एवढंच म्हणाली,
"मग ठीक आहे."

परतताना बस पपया नर्सरीच्या सिग्नलला अडकली.
रिंग पर्समधून काढली तर कोमट,
चाळीस पोरांच्या हातांनी,
लाल रंग एका कडेनं खरवडलेला.
दुकानांच्या पाट्यांवर चंद्र होता, अर्धा,
कुणी न मोजलेला.
सवयीनं वाटलं, शेडवर जावं, पुन्हा माप घ्यावं.
नाही गेले.
फुगलेली असणार.
मीही.