पासंग

बोहरी आळीत, दोन हार्डवेअरच्या दुकानांमध्ये
चार फुटांची माझी जागा.
पाटी वडिलांच्या वेळची : काटे दुरुस्त करून मिळतील.
त्यातलं ‘ती’ कधीच उडालं,
पण आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही
की बाई, हे ‘मिळल’ काय?
डोळा नसलेलं भरून घेतो.

काटा आला की आधी रिकामी पारडी पाहते.
मग तळाशी बोट फिरवते.
मेण, शिशाचा तुकडा, चिंचेचा गोळा,
मार्केटयार्डातल्या एकाने तर चिकटवलं होतं
देवीपुढचं नाणं.
पासंग सापडला की माणूस म्हणतो,
अहो, मला माहीतच नव्हतं.
मी हसायचे.

दिवाळीआधी पाचशेचं पितळी वजन दिसेना.
आधीचा पोरगा गल्ल्यातले सातशे घेऊन पळालेला,
तो दौंडचा.
सुमेधही दौंडचा.
झालं.

तेव्हापासून सुमेध
माझ्याकडे बघायचा तेव्हा अंदाज घेत होता,
बघायचा नाही तेव्हा डोळे चोरत होता.
डबा लवकर उघडला, तर घाई कसली?
उशिरा उघडला, तर भूक कशी नाही याला?
एकदा चहाचे उरलेले चाळीस रुपये
त्याने न मागता परत आणून दिले.
मनात म्हटलं, बघ, विश्वास बसवतोय.

मी विचारलं नाही.
तोही काही बोलला नाही.
महिना भरला, तसा हिशेब घेऊन गेला.
हडपसरला कुठल्याशा कारखान्यात लागला म्हणे.

मार्चात शेजारचे कुतुबभाई
वजन घेऊन आले, फडक्याने पुसत.
‘ताई, माफ करा, राहूनच गेलं.
नवरात्रात तुम्हीच दिलं होतं ना,
माझं दार वाऱ्याने आपटत होतं तेव्हा.’

पाचशे ग्रॅम. हातात
जरा जास्तच भरलं.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर
मी सगळ्यांना सांगितलं,
मला तेव्हाच वाटलं होतं, पोरगा तसला नव्हता.
इतक्या सरळ आवाजात
की ग्लास खाली ठेवेपर्यंत
मलाही ते आठवायला लागलं.

सोमवारी नवा मुलगा येतोय.
कुतुबभाईंच्या ओळखीतला, यवतचा.
यवत. तालुका दौंड.

अजून मी त्याला पाहिलेलंही नाही.
गल्ल्याचं कुलूप तेवढं
बदलून घेतलंय.