आवाज आला नाही

सासूबाई पडल्या तेव्हा मी प्रेसमध्ये होते,
नोटांचे गठ्ठे मोजत.
घरी आले तर न्हाणीत पाठ टेकून
त्या नळाकडे बघत निवांत.
म्हणाल्या, आवाज आला नाही गं,
म्हणून उठले नाही.

सदतीस वर्षं त्या पडत आल्या.
कोडंबाक्कमच्या जिन्यांवरून, बैलगाडीतून, झोपाळ्यावरून,
एकदा तर नायकाच्या मिठीतून;
मिठी नायिकेसाठी होती, या मध्ये उभ्या होत्या.
पहिल्यांदा पडल्या तेव्हा डोक्यावर भोपळा होता. फुटला.
तेव्हापासून 'पूसणी' अंबुजम.
तिकडे त्या भोपळ्याला शिट्ट्या पडायच्या.
इकडे मी माहेरी, सिन्नरला, सांगितलं,
सासू तमिळ सिनेमात असते,
तर मामा म्हणाला, आपण नाव ऐकलं नाही
म्हणजे भोपळाच की.

पडायच्या त्या, आवाज वीरस्वामींचा.
मृदंगवाले. काचेपलीकडे बसून,
पडद्यावर यांचं बूड टेकायच्या नेमक्या क्षणी
डाव्या हाताने एकच थाप: धुम्.
थाप पडेपर्यंत, त्या सांगतात,
मी पडलेलीच नसायचे.
नुसती हवेत.

मग टीव्ही.
एकाच स्वयंपाकघरात आठशे बारा भाग,
मिक्सर खोटा, मिरच्या खऱ्या.
पैसे वाढवून मागितले त्याच आठवड्यात
पात्र झटक्याने गेलं.
भिंतीवर हार घातलेला फोटो लागला
आणि यांनी निर्मात्याला फोन लावला,
फोटोचं भाडं किती?
दिले म्हणे, भागाला दोनशे.
दीड वर्ष बाई मरून कमावत होती.

वीरस्वामी वारले त्या महिन्यात
दोन ट्रंका घेऊन आमच्याकडे आल्या,
जेल रोडला, दुसऱ्या मजल्यावर;
तुळजाराम, म्हणजे आमचे हे, ओझरच्या कारखान्यात.
त्यांचं मराठी तंजावरचं,
तीनशे वर्षं चिंचेत मुरलेलं.
भाजीवाला विचारतो, मावशी, मूळच्या कुठल्या?
इथलीच, म्हणतात, येताना जरा वळसा पडला.

खुब्यात खिळा बसला. वॉकर आला.
डॉक्टर म्हणाले चाला, तर यांना रामकुंडावरच चालायचं.
तिथे कुंभकोणमची बस लागलेली.
एक म्हातारा गंगेचं पाणी भरत होता,
एक कॅन भरलेला, एक पायरीवर रिकामा.
वळला आणि हसला.
ओळखायच्या आधी हसला, नाव मागाहून आलं:
पूसणी!

चाळीस माणसं गोळा झाली, ओली, थरथरती.
ज्याच्या बापाचं श्राद्ध चाललं होतं
तोही हातातला पिंड सांभाळत हसायला लागला,
भटजी कोरड्या तोंडाने बघत राहिले.
एका बाईने यांचा पदर धरला,
तमिळमध्ये काही म्हणाली.
काय म्हणते, मी विचारलं.
एकदा पडा म्हणते.

नाही, मी म्हटलं. खिळा आहे.
गप, त्या म्हणाल्या, आणि वॉकर माझ्याकडे सरकवला.
मग माझ्या खांद्यावर हात ठेवून
त्या इतक्या हळू खाली जायला लागल्या
की घाटावरचं कबुतर दोनदा उडून परत आलं.
पडणं सगळं भुवयांनी केलं. गालांनी.
तोल जातोय, गेला, अरे गेला,
आणि दगडाच्या बोटभर वर
थांबल्या.

माझा खांदा मोडायला आला होता.
कुणी हसत नव्हतं आता. त्याही नाही.
नजर काचेपलीकडे कुणाला शोधावी तशी.

मी वॉकर सोडला, रिकामा कॅन ओढला, उलटा केला
आणि डाव्या हाताने, जमेल तशी,
धुम्.

मग त्या बसल्या.

कॅनला चीर गेली होती.
मी पैसे काढले तर म्हाताऱ्याने मान हलवली,
भरलेला कॅन शेजाऱ्याला देऊन टाकला,
आणि फुटका काखेत मारून
बसकडे निघाला.