मागे कोण उभं होतं

मामाने दिलेली हेलिओस, सोव्हिएत काळातली,
कडेला पोचा आलेली.
दोनवर उघडली
की जग पापुद्र्याएवढं उरतं.
नवरीची डावी पापणी लख्ख,
उजवी थोडी उशिरा पोचल्यासारखी,
कानातलं चांदीचं लोंबतं
अर्धं दागिना, अर्धं धुकं.
मागचे पोप्लर विरघळून
तिच्या डोक्याभोवती गरगरतात.

काराकोलला सप्टेंबरात लग्नं दाटतात.
लोक म्हणतात, मागचं घालव.
मागे असतं काय?
पत्र्याचं गॅरेज, अर्धं बांधलेलं घर,
पाटावर टाकलेली फळी,
दोरीवर कुणाच्या तरी विजारी.
मी घालवतो.
पैसे त्याचेच मिळतात मला:
थोडे चेहऱ्याचे,
बरेचसे बाकीचं न दिसण्याचे.

मार्चमध्ये बुरुल्कान आली.
बुटांना चिखल, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभी.
रुमालात गुंडाळलेला फोन,
फोनमध्ये आयझिरेकच्या लग्नातला फोटो.
ही नवरीची कुणीच नव्हे.
शेजारणीकडून मागून घेतलेला.
तिने बोट नवरीवर ठेवलं नाही,
खांद्यापलीकडे ठेवलं.
"हा झामिर."

मला दिसला एक डाग.
राखाडी-निळा, वर जरा उजळ.

"गाडीला फिती बांधत होता.
भाड्याची गाडी, चालवणारा हाच.
आठ दिवसांनी चेल्याबिन्स्कला गेला, गोदामात."
पुढचं ती बोलली नाही.
मीही विचारलं नाही.
"घरात त्याचा लहानपणचाच आहे, शाळेतला.
एवढा नीट करून दे."

मी समजावलं.
म्हटलं, आजी, वर धूळ बसलीय असं नाही
की फुंकर मारली आणि खालून माणूस निघाला.
खाली काही नाहीच.
त्याच्यावरून आलेला उजेड
काचेतून जाताना सांडला,
सांडलेलं तांब्यात परत भरता येत नाही.
ती ऐकत होती.
दुसऱ्याच्या पोराचं कौतुक ऐकावं, तशी.

त्या रात्री सहाशे चाळीस फोटो उघडले.
चौदांमध्ये तो होता.
एकात पाठ, एकात कापलेलं कोपर,
एकात नुसती फीत वर धरलेला हात,
सगळे लोण्यासारखे.
आणि पंधरावा, जो मी काढलाच नाही:
तो पुढे आला होता, गाडी कुठे लावू विचारायला,
अगदी दीड मीटरवर,
जिथे माझी लेन्स केस न केस मोजते.
मी डोळा न काढता हाताने म्हटलं,
बाजूला हो.

"मग तो डागच मोठा करून दे," ती म्हणाली.

चाळीस बाय साठ.
बिश्केकच्या लॅबमधून मुलीचा फोन:
फाइल चुकलीय का, कुठेच फोकस नाही.
म्हटलं, छाप.
पुन्हा फोन: नक्की?
छाप म्हटलं ना.

चुलीसमोरच्या भिंतीवर खिळा आधीच ठोकलेला होता.
टांगला.
जवळून तर काहीच नाही,
पावसाने पुसलेली पाटी जणू.
मला लाज वाटली, फ्रेमचे पैसे घेतल्याची.

ती मात्र दाराशी गेली.
चष्मा काढून ॲप्रनच्या खिशात टाकला.
आता किटली धूसर, खिडकी धूसर,
मी धूसर, जर्दाळूची वाटी धूसर,
आणि तोही. आमच्याइतकाच,
जास्त नाही.
"इथून बघ," म्हणाली.

मला चष्मा नाही.
सवयीने डोळे बारीक केले.
छिद्र लहान की चित्र स्पष्ट, हा आमचा धंदा.
इथे ते चालेना.

मग नजर सैल सोडली,
थकल्यावर सुटते तशी.
चहा निवत होता.

खांदा जरा डावीकडे झुकलेला.
दातांत फितीचं टोक.